काकींची मशेरी

काकी मशेरी भाजायला बसल्या की अख्खी आळी खोकत उठायची. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत परतायची, कुटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. आम्ही नाकाला पदर लावून शिव्या घालायचो, आणि शिव्या घालणाऱ्याच तासाभराने डबी घेऊन त्यांच्या दारात! रत्नागिरीत अशी मशेरी दुसरीकडे मिळायची नाही, हे मात्र खरं.

देण्यात त्यांचा हात मोठा सढळ. कुणाची दाढ ठणकली, कुणाला बाळंतपणानंतर मरगळ आली, सगळ्यावर काकींचं औषध एकच. धाकटी जाऊ सुमन नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा तिच्या तळहातावर पहिली चिमूट काकींनीच ठेवली. दोघींचे नवरे मुंबईला गिरणीत. "दादले येतात गणपतीला नि शिमग्याला," काकी म्हणायच्या, "खरा संसार आम्हा दोघींचाच, बाय!" आणि तो होताही तसाच, भांडणासकट.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. गावात कॅन्सरच्या जागृतीची फेरी निघणार होती; बायका जमवायचं काम माझ्याकडे आलं. त्या काळी कॅन्सर हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. 'तो आजार' म्हणायचं, तेही आवाज खाली आणून. काकींना विचारलं तर म्हणाल्या, "नाव घेतलं म्हणून तो काय पाव्हणा येतो? चल, मी येते." आणि आल्या! मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत "तंबाखू सोडा, कॅन्सर टाळा" असं ओरडत सगळ्यांच्या पुढे. सकाळी मशेरी लावूनच निघाल्या होत्या. त्यात वावगं काही त्यांना वाटलं नाही, आणि खरं सांगते, मलाही नाही. तंबाखू खायचे ते पुरुष. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू.

मांडवीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मशेरी कोण कोण लावतं?" काकींनी ऐटीत हात वर केला. "अख्ख्या आळीची मीच भाजते. तुमका देऊ थोडी?" बायका हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तोंडात पांढरा चट्टा उठून तो जात नसेल तर लगेच दाखवायला हवं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

परतताना घराजवळ आल्यावर काकी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बाय, सुमनला गणपतीपासून तिखट झोंबतंय गो. गालाला आतून पांढरं आलंय."

सुमन काही केल्या काकींचं ऐकेना. "माझ्या बेबीचं लग्न ठरायचंय, आक्का. घरात तो आजार आहे म्हटल्यावर कोण दारात उभं राहील?" दोन दिवस घरात नुसती धुसफुस. शेवटी काकी म्हणाल्या, "माझं तोंड दाखवायला जातेय. मला सोबत नको?" दवाखान्यात आधी स्वतः आ करून बसल्या. त्यांचं तोंड निर्मळ निघालं. मग त्यांनी सुमनला खांद्याला धरून त्याच खुर्चीवर बसवलं.

मुंबईला ऑपरेशन झालं. सुमन वाचली, अर्धा जबडा गेला. इकडे काकींनी आळीभर फिरून डब्यांतली मशेरी परत मागितली, तर निम्म्या बायकांनी तोंडावर दार लावलं. "आधी सवय लावलीस, आता अक्कल शिकवतेस?" काकी ऐकून घ्यायच्या. एरवी एकाला चार सुनावणारी बाई! माझा जीव तुटायचा.

एकदा मी गेले तेव्हा त्या सुमनला पेज भरवत होत्या. भरवता भरवता एकदम रडायला लागल्या. "मीच घातली गो तुझ्या तोंडात. माझ्या ह्या हातांनी."

सुमनचं बोलणं तेव्हा नीट कळत नसे. तिने सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हटलं, "मशेरी काय, कोणीही दिली असती, आक्का. दवाखान्यात कोण नेणार होतं?"

काकींनी पदराने डोळे पुसले, चमचा पुन्हा भरला आणि म्हणाल्या, "बोलू नको. पेज निवतेय. आ कर."