हजेरीची पदकं

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर पदकं मांडतात. आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. तलवारी केव्हाच गेल्या, पणजोबांचं आणि आजोबांचं शौर्यपदक तेवढं राहिलं. तिसऱ्या जागी माझे वडील, अप्पा, शेवंतीचं फूल ठेवायचे. त्यांना पदकं नव्हती असं नाही. होती की! पण ती लढाईला गेलेल्या सगळ्यांनाच मिळालेली. 'हजेरीची' म्हणायचे ते, आणि हजेरीची पदकं वडिलांच्या शेजारी मांडायची नाहीत, हा त्यांचा हेका. ती ट्रंकेत, जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली असत. लहानपणी एकदा मी ती गुपचूप आणून मांडली, तर अप्पा खेकसले, "सुम्ने, मुकाट्यानं काढ गं ते तिथून."

दर खंडेनवमीला बन्नूरहून पहिल्या बसनं त्यांचे लढाईतले जोडीदार यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पिशवीत ऊस आणि खिशात त्यांचं शौर्यपदक. ते पुजायचं आमच्याच पाटावर. एकाहत्तरच्या लढाईत काकांनी एकट्यानं मशीनगन चालू ठेवली आणि जखमी होऊन पडले. ते शेजारच्या तुकडीच्या साहेबांनी पाहिलं. मग गोळीबारातच अप्पा सरपटत गेले आणि काकांना पाठीवर घालून घेऊन आले. पण हे पाहणारे साहेब वेगळे, आणि ते त्याच लढाईत कामी आले. शौर्यपदकाला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागतो. झालं, अप्पांचं पदक तिथंच बारगळलं.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. पूजा झाली, पानं मांडली, आणि काकांनी अप्पांच्या पदकाचा विषय काढला. वरच्या एका साहेबांशी ओळख निघाली होती. मी पाहिलं असा जबाब देतो, अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले. आई भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी. मी मनात चामुंडीला नवस बोलले.

अप्पा कन्नडातच म्हणाले, "तू बेशुद्ध होतास. पाहिलं नाहीस ते पाहिलं म्हणू नकोस."

"पाहायला कशाला हवं? मी जिवंत आहे की."

"असं चाललं तर उद्या कुणीही कुणासाठी सांगेल. मग तुझ्या पदकाला तरी कोण विचारेल?"

काका पानावरच रडायला लागले. अप्पांनी आईला त्यांना सार वाढायला सांगितलं. आईनं पातेलं आदळलं आणि खरेपणा काय पानात वाढू, असं ती मराठीत पुटपुटली, म्हणजे काकांना कळू नये. मला तर इतका राग आला की कितीतरी दिवस मी अप्पांशी धड बोलले नाही. साहेब गेले यात अप्पांचा काय दोष? नियम मला तेव्हाही पटत होता, आजही पटतो. पण सलतो हो.

अप्पा गेल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला मी ट्रंक उघडली. हजेरीची पदकं पुसली, तिसऱ्या जागी मांडली, हळदकुंकू लावलं. काकांनी आपलं पदक त्यांच्या खालच्या बाजूला ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून बसले.

आता काकाही नाहीत. मी दरवर्षी मांडते. मांडताना माझा हात थोडा रेंगाळतो, मागून कुणीतरी खेकसावं म्हणून. कुणी खेकसत नाही.