कॅनव्हासचे बूट
नव्या रबराचा वास आला की मला मस्तगडातलं ते बुटांचं दुकान आठवतं आणि डोकं फिरतं. माझे वडील, आबा, काविळीतून वाचले, तर तुळजापूरला अनवाणी चालत येईन, असा नवस आई बोलली होती. आता आबाही सोबत निघाले होते, म्हणून आम्ही तिघं जाफराबादहून एसटीनं खरेदीला आलो होतो. आबांनी पायमोजे घेतले, गुडघ्याचा पट्टा घेतला, मग कॅनव्हासचे तीन जोड घालून दुकानभर फिरून पाहिले. आई पिशवी धरून पायरीवर बसली होती. मला राहवलं नाही. "आजारी तुमी होता आबा, मंग अनवाणी तुमी का न्हाई चालत?" आरशातून नजर न हलवता ते म्हणाले, "नवस ती बोलली, मी न्हाई." दुकानदार हसला. निदान आता तरी आई चिडेल, असं मला वाटलं. ती उठून आली, त्यांच्या पायाशी बसली, अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून म्हणाली, "एक नंबर मोठा घ्या, चालून पाय सुजतेत," आणि त्यांची लेस बांधायला लागली. तिच्या टाचांच्या भेगा माझ्यासमोर होत्या. आजही माझ्या घरात कुणाची लेस सुटलेली दिसली, की मी मुद्दाम दुसरीकडे बघते.