डावं फुफ्फुस आणि मोंबासाचं घर

डॉक्टरांनी माझ्या छातीची एक्स-रे प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, ढगासारखा पांढुरका भाग होता आणि त्याच्या मधोमध एक काळा गोल होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ताई, ये ट्यूबरक्युलोसिस है. तुमच्यात क्षय म्हणतात तो. आणि ही कॅव्हिटी. म्हणजे फुफ्फुसाला पडलेलं भोक."

माझे यजमान शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात आमची बोट आहे. तोवर बरं वाटेल ना?"

"कौन-सी बोट?"

"मोंबासाची. आफ्रिकेची."

डॉक्टरांनी प्लेट टेबलावर उपडी ठेवली. "साहेब, ह्यांना आता बोट नाही. ह्यांना पलंग."

स्वातंत्र्यानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष होतं. आज क्षयाचं नाव ऐकून माणसं तेव्हाइतकी हादरत नसतील. पण कुणाच्या घरी हे दुखणं शिरलं, आणि त्यात घरातली माणसं दोन देशांत वाटली गेली, तर काय होतं, ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

मी बदलापूरजवळच्या बेलवलीची. लग्न होऊन थेट मोंबासाला गेले. यजमान तिथल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आमची मालती तिथेच जन्मली. ती सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही लांबच्या रजेवर माझ्या भावाकडे, दादाकडे आलो. यजमानांचं स्वतःचं इथे कुणी उरलं नव्हतं.

बोटीवरच मला संध्याकाळी कणकण येऊ लागली होती. खोकला होता. वाटलं, समुद्राचा वारा बाधला. बेलवलीत आल्यावर वाटलं, पाणी बदललं. भूक मेली, चोळ्या अंगावर लोंबायला लागल्या, तरी मी आपली सुंठेचा काढा घेत राहिले. मग एका सकाळी तोंड धुताना रक्त पडलं. माझं सांगणं एवढंच, की रक्त पडेपर्यंत थांबू नका. रोज संध्याकाळी येणारा ताप हा पाण्याचा दोष नसतो.

हॉस्पिटल उल्हासनगरात होतं. हे नाव तेव्हा नवं होतं, लोक अजून कल्याण कॅम्पच म्हणत. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित राहत होते आणि तशाच एका बराकीत आमचा वॉर्ड होता. डॉक्टरही सिंधहूनच आलेले. मराठी ते पेशंटांकडून शिकले होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मालतीबद्दल विचारलं. मग म्हणाले, "बेबीला जवळ घ्यायचं नाही. तुमच्या ताटात जेवण नाही, तुमच्या पांघरुणात झोप नाही. थुंकीत जंतू आहेत. खोकलात तरी तिच्यापर्यंत जातील."

हॉस्पिटलात जागा मिळेपर्यंत मी दादाच्या पडवीत निजत होते. मालतीला वहिनी आत धरून ठेवायची, पण वहिनीला स्वतःची दोन लहान पोरं. नजर चुकली की मालती धावत यायची आणि पांघरुणात शिरायची. मी तिला ढकलायचे. सहा वर्षांच्या पोरीला काय समजावणार? एकदा मी ओरडून तिला हाकललं, तर ती अंगणात जाऊन उभी राहिली आणि तिथून म्हणाली, "आई, मी काय केलं?"

त्याच दिवशी मी ठरवलं. यजमान नोकरी सोडायच्या गोष्टी करत होते. मी म्हटलं, "नोकरी सोडू नका. मालतीला घेऊन परत जा. बरी झाले की मी येईन."

दादा भडकला. "पोरीला दर्यापल्याड धाडतेस? आमी काय मेलो गो?"

"इथे राहिली तर ती माझ्याकडे येतच राहणार, दादा. मध्ये समुद्र असला तरच यायची नाही."

ते गेले त्या दिवशी मी वॉर्डात होते. मालतीला आत सोडलं नाही. खिडकीच्या बाहेर यजमानांनी तिला उचलून धरलं. तिने हात हलवला. तिला वाटत होतं, मी पुढच्या बोटीने येणार आहे.

उपचार दोन होते. एक स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे जंतू मारणारं इंजेक्शन. ते मुंबईहून यायचं आणि कधी कधी यायचंच नाही. त्याने माझे कान वाजायचे आणि चालताना तोल जायचा. दुसरा ए.पी. त्याचं पूर्ण नाव आर्टिफिशिअल न्यूमोथोरॅक्स. बरगड्यांच्या मधून जाड सुई घालून छातीत हवा भरायची. त्या हवेने फुफ्फुस दाबलं जातं, त्याची हालचाल थांबते आणि भोक मिटायला सवड मिळते. डॉक्टर समजावून सांगत, "हात मोडला तर झोळीत बांधतो ना? फुफ्फुसाला झोळी नाही. म्हणून हवा." ती हवा जिरून जाते, म्हणून पुन्हा पुन्हा भरावी लागते. त्याला रिफिल म्हणत. पहिल्या वेळी मी घाबरून श्वास धरून ठेवला होता. तसं करू नका. सावकाश श्वास घेत राहिलं की कमी दुखतं.

शेजारच्या पलंगावर जेठीबाई होती. सिंधमधल्या सक्खरची. मला ती अदी म्हणायची, म्हणजे बहीण. तिची मुलगी सती लग्नाची होती. स्थळही कॅम्पातच ठरलेलं होतं. मुलाकडचे घाई करत होते, पण जेठीबाई काही तारीख धरू देईना.

"शादी अपने घर में होगी, अदी," ती म्हणायची. "इथे कुणाच्या अंगणात मांडव घालू? दोन बराकींच्या मध्ये? थोडे दिवसांत सगळं निवळेल. आम्ही परत जाऊ."

तिच्या बाकीच्या माणसांनी आशा सोडली होती. तिने सोडली नव्हती. मी तिला कधी खोडून काढलं नाही, कारण मीही तेच करत होते. मनातल्या मनात मोंबासाच्या घरातली भांडी लावत होते, पडदे बदलत होते.

यजमानांची पत्रं यायची. मालतीला सांभाळायला त्यांनी तिथली एक बाई ठेवली होती. नाव सलीमा. मालती जेवते, शाळेत जाते, पाठ होईल ते स्वाहिलीत म्हणून दाखवते, असं ते लिहायचे. सुरुवातीला लिहायचे, 'तुझी फार आठवण काढते.' मग ते वाक्य येईनासं झालं. मी पत्र दोन-दोनदा उलटून बघायचे. मग मीच माझी समजूत काढायचे, की पोर रडत नाही हे चांगलंच आहे.

जेठीबाईचा आजार दोन्ही फुफ्फुसांत होता. तिला ए.पी. देता येत नव्हतं. थंडीत तिचा दम फार वाढला. एका दुपारी तिने डॉक्टरांना बोलावून सिंधीत काहीतरी विचारलं. डॉक्टर तिच्या उशाशी बसले आणि मान हलवून नाही म्हणाले. नंतर तिने मला सांगितलं. "मी विचारलं, तुम्ही परत जाणार का? डॉक्टर म्हणाले, अम्मा, मी आता इथेच मरणार."

मग तिने सतीला बोलावून लग्न लावायला सांगितलं. त्याच आठवड्यात, दोन बराकींच्या मध्ये. ढोलाचा आवाज आमच्या वॉर्डापर्यंत येत होता. सती नवऱ्याबरोबर नमस्काराला आली, ती दारातच उभी राहिली. जेठीबाई हसली. "पहिलेच करायचं होतं, अदी," ती म्हणाली. "चालत जाऊन मांडवात बसले असते." थोड्याच दिवसांनी ती गेली. तिचा पलंग रिकामा होता तितके दिवस मी त्या बाजूला तोंड केलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर माझा स्पुटम निगेटिव्ह आला, म्हणजे थुंकीत जंतू सापडेनात. वॉर्डातून मला घरी सोडलं. आता हॉस्पिटलात रिफिल घेऊन मी टांग्याने अंबरनाथ स्टेशनात यायचे, तिथून गाडीने बदलापूर. रिफिल असं चालूच होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "आता जाऊ ना मोंबासाला?"

त्यांनी मला बसवलं. "ताई, तुम्ही बऱ्या झालात. पण रिफिल अजून दोन-तीन वर्षं सोडायचं नाही. बोटीवर कोण देणार? आणि तिथे उतरताना छातीची प्लेट मागतील. तुमच्या प्लेटवर व्रण आहे, तो जन्मभर दिसणार. मी लिहून देईन, पण ते ऐकणार नाहीत."

खरंच ऐकलं नाही. यजमानांनी तिथून खटपट केली. उत्तर आलं, की क्षयाच्या रोग्याला येता येणार नाही. बरा झालेलासुद्धा रोगीच.

यजमान पुढच्या रजेवर आले तेव्हा मालती नऊ वर्षांची झाली होती. उंच, अंगाने भरलेली, केसांच्या बारीक बारीक घट्ट वेण्या घातलेली. दादाच्या अंगणात तिने मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्ही आता बऱ्या आहात ना?"

तुम्ही म्हणाली. कुणीतरी शिकवलं असेल, मोठ्यांना तुम्ही म्हणायचं म्हणून.

डॉक्टरांनी तिला जवळ घ्यायची परवानगी दिली होती. पण आता तीच येत नव्हती. तिला भात आवडेना, विहिरीचं पाणी आवडेना. रोज वडिलांना विचारायची, "आपण घरी कधी जायचं?" घर म्हणजे मोंबासा.

यजमानांचं काही ठरत नव्हतं. तिथे त्यांना बढती मिळाली होती. रजा संपायच्या आत गेले नाहीत, तर परत शिरायची परवानगी बुडणार होती. इथे अंबरनाथला कारखान्यात ओळखीने कारकुनी मिळेल, असं दादा म्हणत होता. ते कधी म्हणायचे राहतो, कधी म्हणायचे पोरीच्या शाळेचं काय.

अशात मालती तापली. हुडहुडी भरून ताप आला आणि चढतच गेला. डॉक्टरांना आणायला दादाने टांगा घेऊन माणूस धाडला. दुपारची वेळ. मालती डोळे मिटून बरळायला लागली. "मामा! मामा, माजी!"

दादा धावत आत आला. तिचा हात धरून म्हणाला, "आलो गो बाय. मामा इथंच हाय. काय पायजे तुला?"

तिने हात झटकला आणि आणखी जोरात हाक मारली. दादा कावराबावरा झाला. त्याला काय कळणार? घरात ते फक्त मला आणि यजमानांना कळलं. यजमान दारात होते, त्यांनी मान फिरवली. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. माजी म्हणजे पाणी. ती सलीमाला हाक मारत होती.

मी तांब्या घेतला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. ती पुन्हा म्हणाली, "मामा?"

मी म्हटलं, "नीको हापा." म्हणजे मी इथे आहे. आणि मग तिकडे आजारी माणसाला म्हणतात तो शब्द आठवला. "पोले, मालती. पोले साना." आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. तुझं दुखणं मला कळतंय, असा काहीसा अर्थ.

तिने डोळे न उघडता माझा पदर मुठीत धरला. मला माहीत होतं, तो पदर तिच्या मनात दुसऱ्या कुणाचा होता. तरी मी तो सोडवला नाही.

डॉक्टर आले. बोटाच्या रक्ताचा स्मिअर घेतला, म्हणजे काचेवर थेंब पसरून तपासायचा. मलेरिया निघाला. गोळ्यांनी ताप उतरला.

ती पेज प्यायला लागली तेव्हा मी यजमानांना म्हटलं, "तिला घेऊन जा. तिची आई तिथे आहे."

ते अंगणाकडे बघत म्हणाले, "आणि माझी बायको कुठे आहे? तीन वर्षं तुझं पाकीट आलं की मी आधी त्यावरचं अक्षर बघायचो. तुझं असलं की मगच फोडायचो. दादाच्या हाताचं पाकीट आलं तर काय, ही भीती घेऊन मी पुन्हा तिथे राहणार नाही. नोकरी सोडतो."

असं ते ठरलं. कुणाला आनंद झाला असं म्हणवत नाही. मालतीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, पण कित्येक दिवस आम्हा दोघांशी बोलली नाही. तिच्याकडून तिचा देश काढून घेतला होता, आणि मला तिची समजूत घालता येत नव्हती. सलीमाला मी यजमानांकडून पत्र लिहून घेतलं. माझ्या मुलीला आई कमी पडू दिली नाहीस, एवढंच लिहायला सांगितलं. त्याहून मोठे आभार मला सुचले नाहीत. डॉक्टरांचेही असेच मानले. ते म्हणाले, "ताई, आभार नको, वजन वाढवा."

रिफिल थांबून आता बरेच दिवस झाले. जिना चढताना अजून धाप लागते. डॉक्टरांनी दुसरं मूल नको म्हणून सांगितलं, ते आम्ही ऐकलं. बरं होणं म्हणजे पूर्वी होतं तसं सगळं परत मिळणं, असं मी पलंगावर पडल्या पडल्या समजत होते. तसं नसतं. उरलेल्या फुफ्फुसावर श्वास घ्यायला शिकायचं असतं.

मालती इथल्या शाळेत रुळली. मला अजून तुम्हीच म्हणते. मराठी आता इथल्या पोरींसारखीच बोलते. पण मनातलं काही सांगायचं असलं, मैत्रिणीशी भांडण झालं असलं, की वहिनीची नजर चुकवून चुलीपाशी येते, माझ्या शेजारी बसते आणि स्वाहिलीत बोलायला लागते. मधेच एखादा शब्द तिला आठवत नाही. मग ती माझ्याकडे बघत थांबते, आणि तो शब्द मी तिला देते.