त्याला विद्यार्थी राहायचं होतं

दीड महिन्यापूर्वी त्याच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. "ताई, दादा गेला. झोपेतच. डॉक्टर हार्ट म्हणतायत." मी "बरं" म्हणाले. मरणाच्या बातमीला बरं! जुडी तिथेच ठेवली आणि घरी येऊन नुसती बसून राहिले.

आमची ओळख एलएल.एम.च्या वर्गातली. घाटकोपरचं कॉलेज, नोकरदारांसाठी संध्याकाळची बॅच. बहुतेक सगळे कंपनी कायद्याकडे पळाले; आंतरराष्ट्रीय मानवाधिकार आणि दहशतवादविरोधी कायदा हा विषय घेणारे आम्ही जेमतेम दहा-बाराजण उरलो. मी विमा कंपनीच्या फायलींना कंटाळलेली आणि जगाचं भलं करायची खुमखुमी आलेली. तो बेचाळिशीचा, विक्रोळीचा, एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारा. एकदा सरांनी सांगितलं, दहशतवादविरोधी कायद्यात आरोपपत्रासाठीची नव्वद दिवसांची मुदत, जी उलटली की आरोपीला जामीन मिळतो, ती एकशे ऐंशीपर्यंत वाढवता येते. आम्ही निमूट उतरवून घेतलं. नंतर चहाच्या टपरीवर तो हळूच म्हणाला, "वाढीव नव्वद आधी कोणी सांगत नाही गं. ते नव्वदाव्या दिवशी कळतं. तोवर माणूस घरी जायची तयारी करून बसलेला असतो."

"तुला रे काय माहीत?" मी विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं. कटाचा आरोप, सात वर्षं कच्चा कैदी, मग निर्दोष सुटका. सगळं दोन-तीन वाक्यांत. आणि लगेच म्हणाला, "वर्गात बोलू नकोस हां. इतकी वर्षं मी केस होतो. आता जरा विद्यार्थी राहू दे ना." मी वाद घातला, निर्दोष सुटलास तर लपवायचं कशाला? तो हसला आणि चहाचे पैसे देऊन टाकले. मी शब्द दिला होता, हे मात्र खरं.

चौथ्या सत्रात माझा सेमिनार होता, निष्पक्ष खटल्याच्या हक्कावर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मध्येच टोकलं, "मॅडम, हे सगळे करार कागदावर. एक माणूस दाखवा बघू." माझं डोकं तडकलं. आणि मी माणूस दाखवला... बोट करून दाखवला. त्याच्या नावासकट, सात वर्षांसकट. वर्गाने टाळ्या वाजवल्या. परीक्षक उठून त्याच्याशी हात मिळवायला गेले. त्याने हात मिळवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, भारावला असेल. मी इतकी मूर्ख होते.

त्याच आठवड्यात कोणीतरी मोबाइलवर जुन्या बातम्या शोधल्या. अटकेची बातमी फोटोसकट सापडली. सुटकेची शोधूनही सापडली नाही. सापडला तो फोटो वर्गाच्या ग्रुपवरून कुठे कुठे फिरला, देव जाणे. क्लासवाल्यांनी त्याला "काही दिवस" येऊ नका म्हणून सांगितलं. सोसायटीत कोणीतरी त्याच्या आईला विचारलं, हा परत काय शिकतोय हो? तो वर्गात यायचा बंद झाला. परीक्षेलाही बसला नाही.

मी विक्रोळीला त्याच्या घरी गेले. माफी मागायची वाक्यं पाठ करून गेले होते, पहिल्याच वाक्याला रडायला लागले. तोच म्हणाला, "रडू नकोस यार. तू माझी बाजूच मांडलीस. पण मला परत कोणाची बाजू व्हायचं नव्हतं." मग चारकोपला दुसरी नोकरी मिळतेय का बघतोय म्हणाला. मिळाली नाही. दोन वर्षं तो घरातच होता. मला पदवी मिळाली, त्या सेमिनारला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. ते गुणपत्रक मी एकदाही कोणाला दाखवलेलं नाही. हक्क शिकायला गेले आणि एका माणसाचा, त्याने तोंडाने मागितलेला, एवढासा हक्क मी घालवला. याला क्षमा कोणाकडे मागायची? होता तो गेला.

हा लेख लिहू का, असं विक्रोळीला जाऊन त्याच्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण नाव नको, फोटो नको. आईला आणि मला अजून ह्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय." म्हणून मेलेल्या माणसावर लिहिताना जे आधी लिहितात, तेच या लेखात नाही.

निघताना तिने त्याची त्या विषयाची वही माझ्या हातात दिली, ताई तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून. सुबक अक्षर, लाल शाईने आखलेले समास. शेवटची नोंद माझ्या सेमिनारची आहे. वर विषय, खाली माझं नाव. पहिला मुद्दा त्याने पूर्ण उतरवून घेतलाय, दुसराही. मग तीनचा आकडा घातलाय, त्याला गोल केलाय... पुढची सगळी पानं कोरी आहेत.