रिग्गईच्या दिवाणखान्यात मी माझा आजार सांगितला

“रिपोर्ट मॅलिग्नंट आला आहे,” डॉक्टर म्हणाले. मॅलिग्नंट म्हणजे कर्करोगाची गाठ. डॉक्टर इजिप्तचे होते, इंग्रजी सावकाश बोलत. “पण गाठ लहान आहे. तुम्ही वेळेवर आलात.”

मी चौतीस वर्षांची होते. माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझी सात वर्षांची लेक नेहा आली.

मी वेळेवर गेले ती कुसुमताईंमुळे. त्या मूळच्या मिरजेच्या, कुवेतच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. शुक्रवारच्या सुटीत त्या आणि आणखी चारपाच जणी रिग्गई या आमच्या वस्तीत घरोघरी बायकांना जमवत आणि छातीत गाठ आहे का, हे स्वतः कसं तपासायचं ते शिकवत. एकदा त्यांना आमचा दिवाणखाना दिला होता. मी लाजेने स्वयंपाकघरातच राहिले, पण कान तिकडेच होते. आठ दिवसांनी अंघोळ करताना हाताला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं.

आधी बायॉप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. मग मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढणं. त्यानंतर रेडिएशन, किरणांचे उपचार. तिथल्या बाकावर आम्ही सगळ्या देशांच्या बायका शेजारीशेजारी बसायचो. एकमेकींची भाषा येत नसे, पण आत जाणारीची पिशवी दुसरी सांभाळायची.

ऑपरेशनमुळे उजवा हात वर जाईना. कुसुमताईंनी भिंतीवर बोटं चढवायला लावली. नेहा पेन्सिलीने खूण करायची. “आई, वन मोर इंच,” म्हणायची. मला रडू यायचं, तरी बोटं चढायची.

बरी झाल्यावर कुसुमताई म्हणाल्या, “आता तुम्ही बोला. मी नर्स, मी सांगणारच. तुमचं त्या ऐकतील.”

“लोकांना कळायची काय गरज आहे?” हे म्हणाले. त्यांना माझीच काळजी होती.

“मी गप्प बसले असते तर आज नसते,” मी म्हटलं. त्या शुक्रवारी रिग्गईतल्याच एका घरी बायका जमल्या, तिथे ह्यांनीच मला गाडीने सोडलं.

मी बोलले. गाठ कशी लागली, ऑपरेशन कसं झालं, सगळं सांगितलं. सगळ्या गेल्यावर एकजण मागे राहिली. सरोजा, आंध्रची, कुवेतमधल्याच सुलैबिया वस्तीत एका घरी कामाला होती.

“दीदी, मेरे को भी है. चार महीने से. मॅडम को पता चला तो वापस भेज देगी.”

आम्ही तिला समजावून तयार केलं आणि दुसऱ्या दिवशी कुसुमताई आणि मी तिच्या मालकिणीकडे गेलो. कुसुमताई अरबीत बोलत होत्या, मी सरोजाचा हात धरून उभी होते. मालकिणीने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन अबाया, म्हणजे बाहेर जाताना घालायचा काळा झगा, घालून आली आणि स्वतः सरोजाला हॉस्पिटलात घेऊन गेली.

सरोजाची गाठही कर्करोगाचीच निघाली. ऑपरेशन झालं, उपचार पूर्ण झाले. ती त्याच घरी परत कामाला लागली.

तुम्हाला गाठ लागली तर आधी कुणाला तरी सांगा, एवढंच माझं म्हणणं. घाबरत सांगा, रडत सांगा, पण सांगा.

पुढच्या वर्षी सुलैबियात पंचवीसएक बायकांसमोर सरोजा उभी राहिली. ती तेलुगूत बोलली. मला एकही शब्द कळला नाही. पण बोलता बोलता तिने पदर सावरून आपल्या सपाट छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली नाही. पुढच्या रांगेतल्या दोघी उठून तिच्याजवळ आल्या. माझ्या ऑपरेशननंतर मला कशाचाच इतका अभिमान वाटला नव्हता.