दादांना बिब्बा उतला

निमोण्याचा मामा आमच्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरवर आला, की पिशवीत शेंगांबरोबर चार बिब्बे हमखास असायचे. टाचेची भेग भरावी तर त्यानंच. बिब्बा दाभणाला टोचून तो दिव्यावर धरायचा आणि चरचरणारं तेल नेमकं भेगेत सोडायचा. आजूबाजूच्या कातडीला आधी खोबरेल. त्याच्याही आधी प्रत्येकाला एकच प्रश्न, "कवा उतलाय का?" उतणं म्हणजे अंगावर फोड उठणं. 'हो' म्हणणाऱ्याला तो धुरापाशीही बसू देत नसे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एकदा त्यानं आईच्या टाचा भरल्या आणि दुसऱ्याच दिवशी दादांची मान फोडांनी भरली. दादा म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत गार्ड होते, पण त्यांचा राग हिरव्या झेंडीची वाट बघत नसे.

"संसारात बिब्बा घातला तुझ्या भावानं!" ते आईवर ओरडले.

"म्या तुमच्या अंगाला हातबी लावला न्हाई, दाजी," मामा म्हणाला. पण ऐकतो कोण! मामा भरल्या ताटावरून उठला. त्या वर्षी तो भाऊबीजेलाही आला नाही. आईला त्याच्याशिवाय माहेर नव्हतं. मला दादांचा भयंकर राग आला होता.

दिवाळीनंतर मान पुन्हा उतली. आता तर मामा घरात नव्हता. कपड्यांच्या घड्या घालताना आईला दादांच्या कॉलरला आतून काळी खूण दिसली. कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी बिब्ब्यानंच खूण करतात, हे ठाऊक असून कुणाला सुचलं नव्हतं. आमचा धोबी नवा होता. आईनं कॉलर दादांपुढं धरली आणि आत निघून गेली.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं निमोण्याला गेलो. आईनं धोब्याची गोष्ट सांगितली. मामा नुसता "व्हय का" म्हणाला. माफी मागणं दादांच्या जिभेला कधी जमलंच नाही. त्यांनी बूट काढले आणि फुटलेली टाच मामापुढं केली.

"पाव्हणं, भरा ही भेग."

"दिवा आणू?" मी विचारलं.

"नगं," मामा म्हणाला. त्यानं दादांचा पाय मांडीवर घेतला. "तुम्हाला उततो, दाजी. तुमच्या अंगाला म्या बिब्बा लावायचा न्हाई."

मग तो अंगठ्यानं नुसतं खोबरेल चोळत बसला. दादांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि दुसरा पाय पुढं केला.