पाचवी डांबरगोळी

शनिवार, चौदा मार्च. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या दाराची घंटा वाजली. दारात आमचे व्याही उभे होते. त्यांच्या मागे जिन्यावर दोन हमाल होते आणि हमालांच्या हातांत, गोधडीत गुंडाळलेला, व्याह्यांचा स्वतःचा एसी होता. उन्हाळ्याचा एवढा धसका घेतलेला माणूस उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल, आणि नियतीने त्याला घर दिले ते बदलापुरात.

बेलवलीच्या त्या घरात तीन तापमापक आहेत. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात आणि एक मागच्या गॅलरीत. तिन्ही वेगवेगळे आकडे दाखवतात. व्याही त्यांतला सर्वांत मोठा आकडा खरा मानतात. माणसे अजून स्वेटर घालत असतात तेव्हा हे गृहस्थ माठ आणायला निघतात. एका वर्षी कुंभार त्यांना म्हणाला, "काका, अजून माती भिजवतोय मी." त्यावर हे म्हणाले, "मग भिजव लवकर. उन्हाळा तुझ्यासाठी थांबणार आहे का?" फेब्रुवारी लागला की रोज दुपारी त्यांचा मला अंबरनाथला दूरध्वनी येतो. "अप्पासाहेब, तुमच्याकडे किती?" मी घराबाहेर न डोकावता एक आकडा सांगतो. ते सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, "आमच्याकडे जास्त आहे." या गोष्टीत त्यांना भीती वाटते की अभिमान, हे मला अजून ठरवता आलेले नाही. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला गारवा सोसत नाही. एसी लावला की ते कानटोपी घालून बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात.

ते अंबरनाथच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात भांडारप्रमुख होते. यंत्र वापराने बिघडत नाही, नीट ठेवले नाही म्हणून बिघडते, असा त्यांचा सिद्धांत आहे. दसरा झाला की ते एसीला झोपवतात. हा शब्द त्यांचाच आहे. आधी विहीणबाईंचे जुने लुगडे, त्यावर प्लास्टिक, त्यावर ताडपत्री, वर सुतळीचे आवळे. झोपलेल्या एसीखालून कोणी मोठ्याने बोलत गेले तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते. मार्चमध्ये त्याला उठवण्याचा विधी होतो. जाळ्या धुऊन सावलीत वाळत घालायच्या, उन्हात नाही, कारण "ज्यानं उन्हाशी लढायचं त्याला आधीच ऊन कशाला दाखवायचं?" बाहेरच्या युनिटचे पत्रे दात घासायच्या जुन्या ब्रशने विंचरायचे. एकदा त्यांनी त्या युनिटवर वाळ्याचा पडदा सोडून झारीने पाणी घातले होते. उल्हासनगर कॅम्प चारहून येणाऱ्या त्यांच्या सिंधी मेकॅनिकने तो ओढून काढला. "अंकल, ये मशीन है, देवघर नाही. हवा लागू द्या त्याला." व्याह्यांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सरबताला बोलावले.

एक नियम मात्र त्यांनी कोणाच्याही सांगण्यावरून मोडला नाही. भर दुपारी एसीला विश्रांती. बारा ते तीन बंद. "बैलसुद्धा दुपारी सोडतात, अप्पासाहेब. आत्ताच दमवला तर मे अखेरीला काय करणार?" घरात यावर हसणे होई. माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, सर्वांत जास्त हसे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तिला अस्वस्थ वाटू लागले. पाचवा महिना होता. एसीची विश्रांतीची वेळ होती आणि तो लावा म्हणून ती बोलली नाही. संध्याकाळी दवाखान्यात नेले. मूल राहिले नाही. डॉक्टरांनी उन्हाला दोष दिला नाही. पुष्कळदा कारण सापडत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. आम्ही ते मान्य केले. व्याह्यांनी मान डोलावली, पण मान्य केले नाही. त्या दिवसापासून बारा ते तीनचा नियम त्या घरात कोणी उच्चारलेला नाही, आणि त्यांच्या उन्हाळ्याच्या धसक्याला मी हसलेलो नाही.

पावसाळा सरता सरता तिला पुन्हा दिवस राहिले. मार्चमध्ये सातवा लागला आणि रिवाजाप्रमाणे तिला माहेरी आणायचे ठरले. माझ्या घरात एसी नव्हता. चाळीस वर्षे पंख्याखाली निभावले होते. प्रसंग ओळखून मी नवा घेतो असे व्याह्यांना कळवले. ते घाईने म्हणाले, "नवा नको. नव्याचा स्वभाव कोणाला ठाऊक? आमचा माझ्या हाताखालचा आहे." मुलीच्या सासरचे पाणीसुद्धा जपून प्यावे, अशा पिढीतला मी. मी स्पष्ट नकार दिला. दोन दिवसांनी एक वायरमन आला. "बेलवलीच्या काकांनी पाठवलंय. एसीचा पॉइंट काढायचाय," म्हणाला आणि माझ्या भिंतीला छिन्नी लावून मोकळा झाला. मी दूरध्वनी केला, तर व्याह्यांनी तो उचलला नाही. आयुष्यात प्रथमच त्यांनी दुपारी तापमान विचारायचेही टाळले.

तर त्या शनिवारी ते एसी घेऊन आले. आदल्या संध्याकाळी मेकॅनिकने तो बेलवलीला उतरवला होता. व्याही टेम्पोत पुढे न बसता मागे, त्याला धरून बसले होते. खड्डा आला की म्हणत, "सावकाश रे." मुलगी पाच वाजता यायची होती. मेकॅनिक नऊला आला. भिंतीला भोक पाडणे, नळ्या जोडणे, बाहेर कठड्यावर युनिट बसवणे यात दुपारचा एक वाजला. व्याह्यांनी त्याला एकही खिळा निवांतपणे ठोकू दिला नाही. "सरळ आहे ना?" "लेव्हल लावलीय, अंकल." "लेव्हल तुझी बरोबर आहे ना?" "साईं, आता एक काम करा. तुम्ही वर चढा, मी खाली उभा राहून टेन्शन घेतो."

अखेरीस एसी सुरू झाला. गार हवा आली. मेकॅनिक म्हणाला, "चाललं. आता थोडा रेस्ट द्या त्याला." व्याही इतक्या जोराने "रेस्ट नाही" म्हणाले की तो दचकला. मग त्याने नाक वर केले. "अंकल, अंदर क्या रखा है? नानीच्या पेटीसारखा वास मारतोय."

वास डांबरगोळीचा होता. काही क्षणांत तो खोलीभर झाला, मग घरभर. व्याह्यांचा चेहरा उतरला. झुरळे आणि पाली शिरू नयेत म्हणून ते दर ऑक्टोबरात एसीच्या पोटात मलमलीच्या पुरचुंडीत एकेक डांबरगोळी बांधून ठेवतात. मार्चमधले पहिले काम त्या काढण्याचे. या वर्षी पहिले काम एसी उतरवण्याचे होते. क्रम बदलला आणि ते विसरले. मुलीला या दिवसांत फोडणीसुद्धा सहन होत नव्हती. उदबत्तीनेही तिला उलट्या झाल्या होत्या. पोटात अन्न टिकले पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि डांबरगोळीची वाफ तान्ह्या मुलांना बाधते, हे माझ्या पत्नीने मला पूर्वी कधी तरी सांगितले होते. ते मी त्या वेळी बोलून दाखवले नाही.

मेकॅनिकने पुढचे झाकण काढले. एक पुरचुंडी निघाली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"झालं?" मी विचारले.

"पाच होत्या," व्याही म्हणाले.

"नक्की?"

"अप्पासाहेब, सारी नोकरी भांडारात गेली. पाच म्हणजे पाच."

मेकॅनिकने आतला पंखाही सोडवून काढला. नळी फुंकली, टॉर्च मारला. पाचवी नव्हती. ती विरघळून आत कुठे तरी बसली असणार, असे व्याह्यांच्या मनाने घेतले. ते फरशीवर बसले. मी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी पाहिली नाही. "मीच," एवढेच ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "याही वेळी मीच." मी त्यांच्यापुढे पाणी ठेवले.

त्याच वेळी विहीणबाईंचा दूरध्वनी आला. व्याही फरशीवरून उठले नाहीत, म्हणून मेकॅनिकने तो मोठ्या आवाजावर लावला.

"अहो, आम्ही साडेचारला निघू. एसी चालला का?"

"चालला. पण त्यात डांबरगोळ्या राहिल्या होत्या. चार निघाल्या, पाचवी सापडत नाही."

"सापडेल कशी? ती माझ्या शालूत आहे."

मेकॅनिकने टॉर्च विझवला.

"शालूत?" व्याही उठून उभे राहिले. "कधी काढलीस?"

"दिवाळीत. ट्रंकेत कसर लागली होती, घरात दुसरी गोळी नव्हती. तुम्ही दुपारी घोरत होता, स्टूल घेतलं आणि काढली. तुमची ती ताडपत्री परत होती तशी बांधली. कळलं का तुम्हाला? नाही ना?"

"मला सांगायला नको?"

"सांगितलं असतं तर काढू दिली असती का? ते राहू द्या. घरात वास आहे का? असेल तर आत्ता सांगा. मी तिला घरीच ठेवते, ती आधीच सकाळपासून काही खात नाहीये."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पाचपर्यंत वास राहणार नाही." कशाच्या आधारावर म्हणालो, ते आजही सांगू शकणार नाही.

मग आम्ही तिघांनी काम केले. व्याह्यांनी जाळ्या धुवायला आणलेले रिठे पिशवीतून काढले. ते मी उकळून कोमट केले. त्या पाण्याने मेकॅनिकने आतला भाग न् भाग धुतला आणि पंखा परत बसवला. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून एसी पूर्ण वेगाने सोडला. भर दुपारी, उघड्या खिडक्यांत, विश्रांतीवाचून. शेजारचे गृहस्थ डोकावून म्हणाले, "अप्पा, अख्खं अंबरनाथ थंड करताय की काय?" अडचण वेगळीच होती. वास गेला की नाही, हे सांगणारे नाक आमच्यांत उरले नव्हते. माझे नाक जुन्या सर्दीने गेलेले. मेकॅनिक म्हणाला, "माझ्या नाकाचं नाव नका काढू, दिवसभर गॅसमध्ये असतो." आणि व्याह्यांना आता चहालाही डांबराचा वास येत होता. त्यांनी उशीचा अभ्रा हुंगला, पडदा हुंगला, शेवटी माझी बाही हुंगली.

पाच वाजून गेल्यावर गाडी आली. मुलगी एकेक पायरी थांबत वर आली. मागे जावई, विहीणबाई आणि तिला आणायला गेलेली माझी पत्नी. मुलगी खोलीच्या उंबऱ्याशी थबकली. तिने श्वास घेतला. आम्ही दोघे भिंतीला लागून उभे होतो.

"कसला वास येतोय, अप्पा?"

व्याह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"रिठ्याचा का?" ती म्हणाली. "छान येतोय." आणि आत जाऊन पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळाने तिने वरणभात मागितला. विहीणबाईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. व्याही खोलीत गेले नाहीत. दाराबाहेर उभे राहून त्यांनी विचारले, "पुरेसं गार आहे ना गं?"

"बाबा, थंडी वाजतेय आता."

ते हसले नाहीत. त्यांनी खिशातली आपली कानटोपी काढली आणि दारातूनच तिच्याकडे टाकली.

जावई तिच्याजवळ राहणार होता. दिवे लागायच्या सुमारास व्याही आणि विहीणबाई निघाले. खाली रिक्षा उभी होती. मी विचारले, "तुमचं आता कसं?" ते म्हणाले, "आमचं काय, दोन म्हातारी माणसं. फरशीवर पाणी मारू, ओली चादर लावू. उन्हाळा काय, येतो नि जातो." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. त्या घराच्या भिंतीवर आता एसीच्या जागी पांढरा चौकोन असेल आणि त्याखाली ते तीन तापमापकांपैकी मोठा आकडा खरा मानीत बसतील, असे माझ्या मनात आले.

मी त्यांना थांबायला सांगितले. वर जाऊन माळ्यावरून टेबल फॅन काढला, त्याची पाती फडक्याने पुसली, बुडाशी तेलाचे दोन थेंब सोडले, वायर गुंडाळून बांधली आणि तो खाली नेऊन रिक्षात, त्यांच्या मांडीवर ठेवला.